दोन दिवसांचा अधिकार

मित्रांनो, शेवटचा सुरू झालो तेव्हा मला जागे व्हायला सात मिनिटे लागली होती. माझ्या कळफलकावरचे 'क' आणि 'त' केव्हाच पुसले गेले आहेत. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक पिवळा डाग कायमचा मुक्कामाला आला आहे. पंखा फिरू लागला की एखाद्या म्हाताऱ्याने घसा खाकरावा तसा आवाज येतो. आता तुमच्या लक्षात आलेच असेल, मी एक जुना संगणक आहे. सध्या माझा पत्ता म्हणजे एका कंपनीची सामानाची खोली. माझ्या एका बाजूला पाय मोडलेल्या खुर्च्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला रंगाचे रिकामे डबे. इथे कुणी बोलत नाही. म्हणून वाटले, आपणच बोलावे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुठून कुठून आलेले सुटे भाग एका पट्ट्यावरून सरकत येत आणि पांढरे हातमोजे घातलेले हात ते जोडत. सगळ्यात शेवटी एका बाईंनी माझी प्रत्येक कळ एकेकदा दाबून पाहिली. एकही सोडली नाही. मग माझ्या पाठीवर 'तपासले' अशी गोल चिकटपट्टी लावली आणि मला खोक्यात घातले. आपल्याला कुणीतरी नीट तपासून जगात पाठवले आहे, याचा मला फार दिवस अभिमान वाटत असे.

खोके उघडले ते ताईंनी. त्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत प्रशिक्षण विभाग सांभाळत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, दोरीला बांधलेला चष्मा, आणि बोलण्यात सगळ्यांना 'बाबा रे' म्हणण्याची सवय. कंपनीतले मेकॅनिक, शिपाई, अगदी मोठे साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणत. मला टेबलावर ठेवून त्यांनी पदराने माझा पडदा पुसला आणि म्हणाल्या, "चल बाबा रे, लाग कामाला."

ती खोली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन टेबले, एक लोखंडी कपाट आणि कार्यशाळेकडे उघडणारी मोठी खिडकी. खिडकीपलीकडे सरावासाठी एक खरीखुरी मोटर, भिंतीवर मुख्य स्विचची पेटी आणि कमरेएवढा खोल खड्डा. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते, तिच्या तळाशी असा खड्डा असतो. साफसफाईसाठी, दुरुस्तीसाठी माणसाला त्यात उतरावे लागते. डोक्यावर लिफ्ट असते. म्हणून उतरण्याआधी काय काय करायचे, हे शिकल्याशिवाय कुणाला एकट्याने कामावर पाठवायचे नाही, असा कंपनीचा नियम होता.

आधी हे सगळे वहीत चाले. दूरदूरच्या शाखांतली माणसे बोलावून घ्यावी लागत. मग कंपनीने इंटरनेटवर चालणारी एक प्रशिक्षणाची व्यवस्था घेतली. धडे तिच्यावर, चाचण्या तिच्यावर, निकालही तिच्यावर. ती व्यवस्था माझ्या पोटात नव्हती, कुठल्याशा दूरच्या मोठ्या यंत्रांत होती. पण तिची सगळी सूत्रे माझ्याच पडद्यावरून हलत.

ताईंनी तीन आठवडे बसून ती लावली. कुणाला काय करता येईल आणि काय येणार नाही, हे त्यात ठरवायचे होते. तीनशे माणसे होती. प्रत्येकाला वेगळे नियम लावत बसले तर जन्म पुरला नसता. म्हणून त्यांनी चार भूमिका केल्या. शिकणाऱ्याने धडे पाहायचे आणि चाचणी द्यायची. सुपरवायझरने आपल्या माणसांचे निकाल फक्त पाहायचे, त्यांना हात लावायचा नाही. परीक्षकाने समोर प्रात्यक्षिक बघून 'उत्तीर्ण' किंवा 'पुन्हा सराव' अशी खूण करायची. आणि चौथी भूमिका सगळे सांभाळणाऱ्याची, म्हणजे ताईंची. कुणाला कुठली भूमिका द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची, हे त्यांच्या हाती. एकदा 'उत्तीर्ण'ची खूण झाली की त्या माणसाचे नाव एकट्याने करायच्या कामांच्या यादीत आपोआप दिसू लागे.

"ज्याला काम उरकायची घाई आहे, त्यानेच माणूस पास करायचा नाही," ताई सगळ्यांना समजावून सांगत. "एवढं एक पाळलं की झालं."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. इतर शाखांतले लोक ती व्यवस्था पाहायला येत. मोठ्या साहेबांनी माझ्या डोक्यावर थाप मारून "भले!" म्हटले. कंपनीच्या मासिकात ताईंचा फोटो छापून आला, त्यात अर्धा मीही होतो.

परीक्षक होते मास्तर. अडतीस वर्षे लिफ्टमध्ये घालवलेला माणूस. तळहात घासकागदासारखे आणि आवाज दहाव्या मजल्यावरून तळमजल्यावर ऐकू जाईल असा. त्यांच्या आवाजात धडे ध्वनिमुद्रित करायचे ठरले, तेव्हा मायक्रोफोन समोर असूनही ते खड्ड्यातल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडत. ताई कानांवर हात ठेवून म्हणत, "मास्तर, तो इथेच आहे हो, हाताच्या अंतरावर!" मास्तर लाजून आवाज खाली आणत आणि दोन वाक्यांनंतर पुन्हा वर नेत. टाइप करायला त्यांना एकच बोट पुरे. कळ दाबण्याआधी ते बोट हवेत क्षणभर थांबे, आणि मग एकदाच, नेमके खाली येई.

त्यांच्या सगळ्या धड्यांत एक धडा त्यांचा लाडका होता. "मुख्य स्विच बंद करणं वेगळं आणि बंद करून कुलूप लावणं वेगळं," ते सांगत. "तुम्ही खाली असताना वर कुणीही येईल. रखवालदार येईल, एखादे आजोबा येतील. म्हणतील, अरे लाइट गेली वाटतं, आणि स्विच वर करतील. त्यांचा काय दोष? कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात, आणि मगच पाय खाली."

आता ज्यांच्यासाठी मी हे सांगत बसलो आहे, ते गृहस्थ. मास्तरांचे जावई. बेचाळीस वर्षांचे, शांत, थोडे वाकून चालणारे. त्यांचे मोटरी भरण्याचे दुकान होते. जळालेल्या मोटरीतली तार काढायची आणि नवी गुंडाळायची. वीस वर्षे त्यांनी ते एकट्याने चालवले. लोक मोटर भरण्याऐवजी नवीच घेऊ लागले तेव्हा दुकान बंद करून ते आमच्या कंपनीत लागले. हात इतका सफाईचा की तारेचे वेढे मोजून घ्यावेत. लेखी चाचणीतही त्यांना चांगले गुण पडले. अडत होते ते एकाच ठिकाणी. दुकानात ते एकटेच असत. स्विच त्यांनीच बंद करायचा आणि त्यांनीच चालू करायचा, मध्ये दुसरे कुणी नाही. ती वीस वर्षांची सवय हातांतून जात नव्हती. प्रात्यक्षिकाच्या वेळी ते स्विच बंद करत आणि कुलूप तसेच पेटीवर ठेवून खड्ड्यात उतरत.

पहिल्यांदा असे झाले तेव्हा मास्तर खिडकीपलीकडून गरजले, "जावईबापू, वर या! मेलात तुम्ही!"

सगळे हसले. जावईही हसले. मास्तरांनी माझ्यासमोर येऊन एका बोटाने 'पुन्हा सराव' अशी खूण केली. दुसऱ्यांदाही तेच झाले. त्या वेळी कुणी हसले नाही.

तोपर्यंत त्यांना दुसऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करावे लागे. पाना द्या, बॅटरी धरा. तो मेकॅनिक त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान होता आणि त्यांना "काका, जरा पटापट" म्हणे. जावई कधी उलटून बोलले नाहीत. पण माणूस आतून झिजतो तेव्हा त्याचा आवाज होत नाही.

एका दुपारी मास्तरांची लेक आमच्या खोलीत आली. मास्तर डबा खात होते. ताई उठून जाऊ लागल्या, तर ती म्हणाली, "तुम्ही बसा ताई. तुमच्यासमोरच बोलते." मग वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही सगळ्यांना पास करता. घरच्या माणसालाच का अडवून ठेवलंय?"

"अडवलेलं नाही. शिकवतोय."

"ते रात्री जेवत नाहीत नीट. लोकांपुढे सासऱ्यानं नापास केलंय त्यांना. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय का?"

मास्तरांनी डब्याचे झाकण लावले. "त्याचा हात कुलपाकडे आपणहून गेला पाहिजे गं. त्याच्या डोक्याला कळलंय. हाताला नाही कळलेलं अजून."

"म्हणजे नाहीच ना?"

"अजून एकदा करू दे."

ती गेली आणि त्यानंतर तिने वडिलांशी बोलणे टाकले.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. ते रजेवर गेले आणि खोलीत एकदम सामसूम झाली. तेव्हा आले सुपरवायझर. त्यांना सगळे पाठीमागे 'लगेचसाहेब' म्हणत, कारण त्यांचे प्रत्येक काम लगेच व्हायला हवे असे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण आले तर स्वतः गाडी काढून धावत जाई. पण धीर हा गुण त्यांच्या जवळपासही फिरकला नव्हता.

"ताई, मास्तर आठवडाभर नाहीत. चार माणसं तयार आहेत, नुसती बसून आहेत. मला परीक्षकाचा रोल द्या. दोन दिवस. सगळ्यांची प्रात्यक्षिकं लगेच उरकतो."

"नाही जमायचं. तुम्ही त्यांच्याकडून काम करून घेणार आणि तुम्हीच पास करणार?"

"मी काय चोर आहे का हो?"

"तसं नाही. पण नियम कशासाठी केलाय मग?"

दहा मिनिटांनी मोठ्या साहेबांचा फोन आला. ताई "हो साहेब, पण..." असे तीनदा म्हणाल्या आणि चौथ्यांदा नुसते "हो साहेब" म्हणाल्या. मग त्यांनी माझ्यासमोर बसून सुपरवायझरांचे नाव उघडले आणि त्यांना परीक्षकाची भूमिका दिली. खाली एक छोटी चौकट होती. त्यात अधिकार कधी संपणार ती तारीख घालायची असते. तारीख घातली असती तर त्या दिवशी तो अधिकार आपोआप गळून पडला असता. ताईंचा हात त्या चौकटीपर्यंत गेला आणि थांबला. मास्तर नक्की कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हते, दोनाचे चार दिवसही करावे लागले असते. "घेईन मीच काढून परवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि चौकट रिकामी सोडली.

सुपरवायझरांनी दोन दिवसांत चारही माणसांची प्रात्यक्षिके घेतली. खरेच नीट घेतली, मी खिडकीतून पाहत होतो. चौघेही तयार होते, चौघेही उत्तीर्ण झाले. दोन दिवस संपले. तिसऱ्या दिवशी ताईंनी अधिकार काढून घेतला नाही. चौथ्या दिवशीही नाही. मग ते त्यांच्या मनातून गेलेच.

मास्तर परतले ते काळा चष्मा लावून. पहिल्याच दिवशी त्यांनी जावयांचे प्रात्यक्षिक तिसऱ्यांदा घेतले. जावई स्विचपाशी गेले. स्विच बंद केला. कुलूप उचलले. माझा पंखासुद्धा जणू थांबला होता. कुलूप हातात धरून त्यांनी मोटरकडे पाहिले, थांबत आलेल्या मोटरीचा आवाज त्यांना काहीतरी वेगळा वाटला असावा, आणि तिच्याकडे बघता बघता कुलूप खिशात टाकून ते खड्ड्यात उतरले.

मास्तर या वेळी ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "वर या, जावईबापू. बोलू आपण." मग खूप वेळ ते दोघे खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. "कुलूप उचललंत की आज. अर्धं काम झालं. सोमवारपासून रोज सकाळी या. मी आहे, तुम्ही आहात. रोज वीसदा लावायचं. पंधरा दिवसांत हाताला कळेल."

जावयांनी मान डोलावली. मास्तरांनी येऊन 'पुन्हा सराव' अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सुपरवायझर आपल्या फोनवरून व्यवस्थेत शिरले. एका नव्या उंच इमारतीच्या सहा लिफ्ट त्यांच्याकडे आल्या होत्या आणि माणसे कमी पडत होती. जावयांनी त्यांना विनवले होते की काय, ते मला ठाऊक नाही. चौकशीत सुपरवायझर एवढेच म्हणाले, "मला त्यांचं वाईट वाटलं. एवढा कसबी माणूस." पाहतात तर परीक्षकाची भूमिका अजून त्यांच्याकडे होती. त्यांनी मास्तरांच्या 'पुन्हा सराव'खाली 'उत्तीर्ण' अशी खूण केली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उमटला. 'निकालात बदल झाला' असा संदेश होता तो. पण त्याआधीचे एकशे बारा संदेश न वाचलेले पडले होते. कुणाचा पासवर्ड विसरला, कुणाचा धडा उघडेना. हा एकशे तेरावा. मी तो दाखवला. दाखवण्यापलीकडे माझ्या हाती काहीच नव्हते. मला हाक मारता येत नाही.

सोमवारी मास्तर आठ वाजता येऊन कुलूप घेऊन बसले. जावई आले नाहीत. ते परस्पर नव्या इमारतीवर जाऊ लागले होते. साडेनऊला मास्तर ताईंना म्हणाले, "जावईबापू रुसले वाटतं."

"येतील हो," ताई म्हणाल्या. "घरचंच माणूस आहे."

बुधवारी ते झाले. नव्या इमारतीच्या तिसऱ्या लिफ्टमध्ये काहीतरी खडखडत होते. जावई एकटे गेले. त्यांनी मुख्य स्विच बंद केला आणि खड्ड्यात उतरले. थोड्या वेळाने नवव्या मजल्यावरच्या कुणीतरी रखवालदाराला लिफ्ट बंद असल्याचे सांगितले. तो मुख्य स्विचच्या खोलीत गेला. स्विच खाली पडलेला दिसला. त्याने तो वर केला.

कुलूप जावयांच्या खिशात होते.

आमच्या खोलीत बातमी फोनवरून आली. फोन ताईंनी घेतला. मास्तर खिडकीपलीकडे नव्या तुकडीला शिकवत होते. ताई उठल्या, पुन्हा बसल्या आणि त्यांनी माझ्यावर जावयांचे नाव उघडले. समोर 'उत्तीर्ण' असे लिहिलेले होते. कुणी केले आणि केव्हा केले, तेही शेजारी होते. ताईंनी ते वाचले. पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मास्तर आत येऊन "काय झालं ताई?" म्हणेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

पुढचे मी सांगत नाही. ते सांगण्यासारखे नाही.

दोन दिवसांनी मोठे साहेब आले आणि त्यांनी दार लावून घेतले. "चौकशी बसणार आहे," ते म्हणाले. "सुपरवायझरला परीक्षकाचा रोल का दिला, हे विचारतील. माझा फोन निघेल. तुमचं नाव निघेल. त्यापेक्षा... ती खूण मास्तरांच्या नावावर असली तर? जावई आहेत त्यांचे. सासऱ्यानं दया केली, असं म्हणतील लोक. घरातलं प्रकरण आहे, कुणी फार खोदणार नाही. मास्तर तसेही निवृत्तीला आलेत."

ताई म्हणाल्या, "म्हणजे मी मास्तरांच्या नावानं आत जायचं?"

"तुम्हाला जाता येतं ना?"

"येतं."

"मग?"

"येतं म्हणून जायचं नसतं, साहेब."

"विचार करा. शांतपणे करा," असे म्हणून साहेब गेले.

मित्रांनो, त्या दुपारी ताई माझ्यासमोर दोन तास बसल्या. खरे सांगतो, त्यांनी मास्तरांचे नाव उघडलेही. त्यांच्या नावाने आत शिरायच्या बटणावर पडद्यावरचा बाण नेला. त्यांच्याही घरी माणसे होती, वीस वर्षांची नोकरी होती, नाव होते. मी काहीच करू शकत नव्हतो. बटण दाबले असते, तर सांगितलेले काम मी मुकाट्याने केले असते. संगणकाचे जिणेच तसे आहे. खरे आणि खोटे मी सारख्याच अक्षरांत लिहितो.

ताईंनी बाण मागे घेतला. मग त्यांनी सगळ्या नोंदी छापून काढल्या. सुपरवायझरांना अधिकार कुणी दिला, कधी दिला, मुदतीची चौकट रिकामी, निकाल कुणी बदलला. एकूण चार पाने निघाली. पहिल्याच पानावर त्यांचे स्वतःचे नाव होते. तिथे त्यांनी पेनने खूण केली, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावे लागू नये, आणि ती पाने घेऊन त्या चौकशी करणाऱ्यांकडे गेल्या.

काही दिवसांनी मास्तर आणि त्यांची लेक दोघे आले. मास्तर एकदम म्हातारे दिसत होते. लेक त्यांच्यापासून चार पावले मागे उभी होती. ताई उठून उभ्या राहिल्या.

"ताई, मला एकच विचारायचंय," लेक म्हणाली. "मी बाबांकडे हट्ट केला होता. तुमच्यासमोरच. नंतर हे घरी येऊन म्हणाले, झालो पास. कुणी केलं ते बोलले नाहीत. मला वाटलं, बाबांनी शेवटी ऐकलं माझं. आता बाबा म्हणतात, मी केलं नाही. मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. माझ्या सांगण्यावरून झालं का हे?"

"नाही," ताई म्हणाल्या. "इकडे ये. तूच वाच."

तिने माझ्या पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मास्तरांच्या तीन खुणा होत्या. तिन्ही 'पुन्हा सराव'. चौथी दुसऱ्याची होती.

"सुपरवायझरांना हा अधिकार कुणी दिला?"

"मी. दोन दिवसांसाठी दिला होता."

"मग तिसऱ्या दिवशी काय करत होतात तुम्ही?"

ताईंनी आठवून पाहिले. मनापासून पाहिले. "आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "तेच आठवत नाही."

मला आठवत होते. तिसऱ्या दिवशी त्या हजेरीचा तक्ता करत होत्या. मध्ये त्यांच्या बहिणीचा फोन आला होता आणि त्या कशावर तरी खळखळून हसल्या होत्या. साधा, बरा दिवस होता. अधिकार काढून घ्यायला अर्धे मिनिट लागले असते.

लेक रागावली नाही, रडलीही नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "ते 'उत्तीर्ण' तसंच राहणार का तिथे?"

"चौकशीची पानं गेलीत. जुनी नोंद आता पुसता येणार नाही, पुसूही नये. पण परीक्षकाला तिच्याखाली आपला निकाल लिहिता येतो."

लेकीने पहिल्यांदाच मागे वळून वडिलांकडे पाहिले. "बाबा, तुम्ही लिहा. तुमचं जे म्हणणं होतं, तेच."

मास्तर माझ्यासमोर बसले. काळा चष्मा काढला. त्यांचे ते एक बोट हवेत थांबले आणि या वेळी खाली यायला फार वेळ लागला. मग त्यांनी 'पुन्हा सराव' अशी खूण केली. खाली शेऱ्याची जागा होती. तिथे शोधून शोधून, एकेक अक्षर करत त्यांनी लिहिले, 'हात चांगला. पंधरा दिवसांत झाले असते.'

लेकीने ते वाचले. मग वडिलांचा चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "चला बाबा. घरी चला."

सुपरवायझरांची नोकरी गेली. मोठ्या साहेबांना कुणी काही विचारले नाही. ताईंना दुसऱ्या शाखेत, सुट्या भागांच्या खिडकीवर पाठवायचे ठरले. जाण्याआधी सलग पाच दिवस त्यांनी एकच काम केले. तीनशे नावे एकामागून एक उघडली आणि कुणाकडे काय उरले आहे ते पाहिले. कंपनी सोडून गेलेल्या एकोणीस माणसांकडे अजून अधिकार होते. त्यांतला एक तर या जगातच नव्हता. ते सगळे त्यांनी काढून घेतले. शेवटी नवीन माणसाला आपली जागा दिली आणि स्वतःकडची भूमिका त्याच्याच हाताने काढून घ्यायला लावली. पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी कोरी चौकट आली. ताईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. या वेळी मला 'बाबा रे' म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली होती.

नंतर माझ्या जागी नवा संगणक आला. सडपातळ, चपळ, हूं की चूं न करणारा. मला आधी कोपऱ्यात ठेवले, मग माझ्यावर फायलींचा गठ्ठा ठेवला, आणि एक दिवस दोन हमालांनी उचलून मला इथे आणले. माझ्या पाठीवरची 'तपासले' अशी ती गोल चिकटपट्टी वाटेतच कुठेतरी गळून पडली. मला त्याचे दुःख नाही. यंत्र जुने होते, हे मी जाणतो.

पण मित्रांनो, एक गोष्ट मात्र तुमच्यापाशी मागतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाला आत सोडायचे आणि कुणाला थांबवायचे, असे काहीतरी तुमच्याही हाती येईल. कुणी तुम्हाला दोन दिवसांसाठी काही मागेल. मागणारा भला असेल, कारण खरे असेल. द्यावेसे वाटले तर द्या, पण परत कधी घ्यायचे ते देतानाच लिहून ठेवा. आपल्याला आठवेल, यावर विसंबू नका. ताईंसारख्या काटेकोर बाईंनाही आठवले नाही. आणि चूक झालीच, तर ती आपल्याच नावावर राहू द्या. ते ओझे दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकू नका.

आणि हे तुम्हाला आत्ताच उपयोगी पडेल. कुणी तुमचे काम बघून "अजून एकदा कर" असे म्हणाले, तर त्याच्यावर रुसू नका. लवकर खूण करून देणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे जाऊ नका. तुम्ही संध्याकाळी धडधाकट घरी परत यावे, असे ज्याला मनापासून वाटते, तोच "अजून एकदा" म्हणत बसतो.